ई-एमटीबीचं पुढचं टोक उंच करायचंय: स्पेसर, उंच हँडलबार की लांब फोर्क?

मुरूमवाट (छत्रपती संभाजीनगर)

राम राम मंडळी. माझ्याकडं पूर्ण सस्पेन्शनची ई-एमटीबी, म्हणजे मोटर-बॅटरीची डोंगरी सायकल आहे. दोन्ही चाकं २९ इंची, पुढं १५० मिमी ट्रॅव्हलचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, तो १५० मिमीपर्यंत दबतो), मागं १४०. कंपनीच्या तक्त्यात हेड अँगल (फोर्कचा जमिनीशी कोन) ६५.५ अंश, स्टॅक (पॅडलच्या आसापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या, म्हणजे हेड ट्यूबच्या, वरच्या टोकापर्यंतची उभी उंची) ६२५ आणि रीच (त्याच दोन जागांतलं आडवं अंतर) ४७५ मिमी दिलाय. बॅटरीसकट सायकल २४ किलोच्या आसपास. माझी उंची ५ फूट ११ इंच, पाणी-बॅग धरून वजन ८६ किलो.

अडचण उताराची आहे. सातारा डोंगरावर किंवा दौलताबादच्या पलीकडच्या टेकड्यांत काळ्या दगडाचे थर पायऱ्यांसारखे खाली उतरतात. तिथं पुढचं चाक पायरीवरून उतरलं की फोर्क खोल बसतो, अंग पुढं ओढलं जातं आणि सगळा भार मनगटांवर येतो. घरी आल्यावर तळहात सुन्न असतात. चढाची तक्रार नाही. खुलताबादहून म्हैसमाळचा चढ मोटरच्या जोरावर बसूनच निघतो.

हात साधारण २० मिमी वर यावेत असं वाटतंय. मार्ग तीन दिसतात: स्टेमखाली, म्हणजे हँडलबार धरणाऱ्या तुकड्याखाली, स्पेसरच्या चकत्या वाढवणं, २० मिमी राइजचा (मधल्या भागापेक्षा टोकं तेवढी उंच असलेला) हँडलबार काढून ४० चा लावणं, किंवा थेट १७० चा फोर्क. ओळखीचे सगळे म्हणतात की १७० घे, उंचीही मिळेल आणि ट्रॅव्हलही. फोर्कला लागणारा पैसा थोडाथोडका नाही, म्हणून आधी इथं विचारतोय.

बालाघाटी (बीड)

भाऊ, १७० घ्या. मी बी १५० वरून १७० वर गेलो. मांजरसुंब्याच्या आसपासच्या डोंगरांत उतरताना आधी जे दगड बघून ब्रेक दाबायचो, त्यावरून आता सरळ जायलोय. चाक पुढं गेल्यागत वाटतं आणि पायरीला अडकत नाही. बार बदलून फक्त हात वर येतील, दगड आहे तसाच लागंल. ई-बाईक जड असती, तिला दमदार फोर्कच पाहिजे.

स्पॅनर (छत्रपती संभाजीनगर)

मी दुकानात सायकलींचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 'पुढचं टोक खाली वाटतंय' म्हणत लोक येतात, तेव्हा त्यामागं दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे पॅडलच्या मानानं हात किती उंच आहेत. दुसरी म्हणजे सगळी फ्रेम जमिनीशी कोणत्या कोनात उभी आहे. स्पेसर आणि हँडलबार फक्त पहिली गोष्ट बदलतात. लांब फोर्क मुख्यतः दुसरी बदलतो, पहिली फार थोडी. मुरूमवाट दादांच्या पोस्टमध्ये दोन्ही तक्रारी एकत्र आल्यात. मनगटं दुखणं ही हातांची तक्रार आहे, अंग पुढं ओढलं जाणं ही बरीचशी कोनाची आणि हवेच्या दाबाची.

तेव्हा पैसे काढायच्या आधी सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनानं सस्पेन्शन किती दबतं ते, मोजा. फोर्कच्या नळीवर रबरी रिंग असते, नसेल तर झिप टाय बांधा. नेहमीचे कपडे, हेल्मेट, भरलेली बॅग घालून दोन्ही पॅडलवर उभे राहा, उतारावर असता तसे. सोबत एक माणूस सायकल धरायला घ्या. फोर्क ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के बसायला हवा, म्हणजे तुमच्या १५० ला २२ ते ३० मिमी. मागचा शॉक २५ ते ३० टक्के. पुढं हवा कमी आणि मागं जास्त असली तर सायकल जागेवरच पुढं कललेली असते, आणि ते बार बदलून कळतही नाही आणि सुटतही नाही.

मोजून आकडे इथं टाका, मग बोलू.

गोदाकाठ (नांदेड)

स्पॅनर यांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो. लांब फोर्कबद्दलचा गैरसमज फार पसरलाय म्हणून मुद्दाम मांडणी करतोय.

फोर्क २० मिमी लांब झाला की तो ६५.५ अंशांत तिरपा असल्यामुळं पुढची बाजू सरळ वर १८ मिमी उचलली जाते. पण ती उचलली जाते मागच्या आसाभोवती, साधारण १२६० मिमीच्या व्हीलबेसवर (दोन चाकांच्या आसांतलं अंतर). म्हणजे सगळी सायकल ०.८ अंशानं मागं कलते. आता परिणाम बघा. हेड अँगल ६५.५ चा ६४.७ होतो. सीट ट्यूबही तेवढीच मागं कलते. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचा आस, ६ मिमीहून थोडा जास्त वर उचलला जातो. रीच ९ मिमीनं कमी होतो. आणि ज्यासाठी हा खटाटोप, तो स्टॅक वाढतो फक्त ७ मिमी. पाय आणि हात दोन्ही एकदम वर गेल्यामुळं हातांना पायांच्या मानानं मिळालेली उंची एवढीच. त्यातही सॅग धरला तर २० मिमीपैकी १६ च उरतात.

याउलट ४० राइजचा बार लावला तर हात पायांच्या मानानं पूर्ण २० मिमी वर जातात आणि कोन एकही हलत नाही.

स्पेसरचं गणित तिसरंच. स्टीअरर (फोर्कची वरची नळी, जिच्यावर स्टेम बसतो) तिरपा असल्यानं १० मिमी स्पेसर टाकला की बार ९ मिमी वर आणि ४ मिमी मागं येतो. २० टाकले तर १८ वर, ८ मागं. ज्याला सायकल लांब वाटते त्याला हे सोयीचं, ५ फूट ११ उंचीच्या माणसाला ४७५ रीचवर ते अडचणीचं ठरू शकतं.

ट्रेलचंही सांगतो, म्हणजे स्टीअररची रेष जमिनीला लागते ती जागा आणि चाक टेकतं ती जागा यांतलं अंतर. ४४ मिमी ऑफसेटचा फोर्क (चाकाचा आस स्टीअररच्या रेषेपुढं तेवढा) आणि २९ इंची चाक धरलं तर ६५.५ अंशांवर ट्रेल १२० मिमी येतो, ६४.७ वर १२६. वेगात उतरताना हा फरक स्थिरता देतो, बालाघाटी भाऊंना जे जाणवलं ते खरंच आहे. पण हळू चढताना तेच चाक डावीकडं-उजवीकडं कलंडायला बघतं.

जुना ५१ ऑफसेटचा फोर्क स्वस्तात मिळाला तर लक्षात ठेवा, त्याच कोनावर ट्रेल साडेसात-आठ मिमीनं कमी होतो. ६४.७ अंशांवर ५१ ऑफसेट लावला तर ट्रेल ११८-११९ येतो, म्हणजे आत्ता आहे त्याहूनही किंचित कमी. विकत घेताना फक्त ट्रॅव्हल विचारून भागत नाही.

बालाघाटी (बीड)

गोदाकाठ सर, गणित पटलं. पण माझं म्हणणं उंचीचं नव्हतंच. पायरीवरून उतरताना २० मिमी जास्त ट्रॅव्हल असलं तर फोर्क तळाला आपटत नाही, त्याची किंमत स्टॅकच्या तक्त्यात दिसत नाही. आणि बॉटम ब्रॅकेट ६ मिमी वर गेला ह्याला मी फायदाच म्हणतो. आमच्याकडं दगड असे उभे आहेत की १६५ मिमीचा क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा बी आपटायलाय. मोटरच्या खालच्या कव्हरवर ओरखडे पडण्यापेक्षा ते बरं.

स्पॅनर (छत्रपती संभाजीनगर)

क्रँकचा मुद्दा एकदम मान्य. दगडाळ भागात बॉटम ब्रॅकेट थोडा वर असणं चांगलंच. पण १७० ला जाण्याआधी फ्रेमच्या कंपनीनं किती ट्रॅव्हलपर्यंत परवानगी दिलीय ते मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच फ्रेम मूळ फोर्कपेक्षा १० मिमीच जास्त चालवून घेतात, काही तेवढंही नाही. फोर्क लांब झाला की हेड ट्यूबच्या जोडावर ताण वाढतो आणि ई-बाईकचं वजन त्यात भर घालतं. परवानगीबाहेर गेलात आणि फ्रेमला तडा गेला, तर वॉरंटीचा विषय संपला.

फोर्क तळाला आपटत असेल तर त्याला ट्रॅव्हलशिवायही उपाय आहे. हवेच्या बाजूला प्लास्टिकचे व्हॉल्यूम स्पेसर टाकता येतात. सुरुवातीचा मऊपणा फारसा जात नाही, शेवटचा भाग मात्र कडक होतो. लो-स्पीड कॉम्प्रेशनचं बटण (फोर्क सावकाश दबताना किती अडवायचा ते ठरवणारं) असेल तर दोन क्लिक घट्ट करून बघा, ब्रेक मारल्यावर पुढं बसणं लगेच कमी होतं.

काळीमाती (परभणी)

मी बहुतेक शिवारातच फिरतो, पाणंद आणि कालव्याच्या कडेनं. चढाची बाजू मांडतो, कारण उतारावरच सगळे बोलायलेत.

ई-एमटीबीवर आपण असे चढ बसून चढतो जे साध्या सायकलवर कुणी चढलंच नसतं. मोटर मागच्या चाकाला ढकलते आणि पुढचं चाक हलकं होतं. बार वर घेतला की वजन अजून मागं जातं. भुसभुशीत मुरमावर पुढचं चाक उचललं की दिशा हातात राहत नाही. त्यामुळं बार उंच केलात तर सीट रेल्सवर थोडं पुढं सरकवा, पुढचं टोक एक-दोन अंश खाली करा आणि उभ्या चढाला सगळ्यात जोराचा मोड लावू नका. मधल्या मोडमध्ये पॅडल फिरत ठेवलं की चाक जमिनीवर राहतं.

दुसरी गोष्ट हवेची. आमच्याकडं थंडीत पहाटे पारा १० अंशांखाली जातो आणि मे महिन्यात दुपारी ४२ च्या वर. पहाटे १० अंशांना फोर्कमध्ये ८० पीएसआय भरले असतील तर ४२ अंशांना तीच हवा ९० दाखवते. सॅग बदलतो, म्हणजे पुढची उंचीही बदलते. हिवाळ्यात बसवलेला दाब उन्हाळ्यात परत बघा. आणि सायकल उन्हात उभी करून लगेच मोजू नका, सावलीत थांबू द्या.

एक प्रश्न पण आहे. पावसाळ्यात काळी माती टायर आणि फोर्कचे दोन पाय जोडणाऱ्या कमानीच्या मधे गच्च बसते, चाक फिरायचं थांबतं. लांब फोर्क घेतला तर तिथं जागा वाढेल का?

गोदाकाठ (नांदेड)

नाही वाढत. कमान फोर्कच्या खालच्या पायांचाच, म्हणजे चाक धरणाऱ्या नळ्यांचाच भाग आहे, ती चाकाबरोबरच वरखाली होते. ट्रॅव्हल कितीही घ्या, टायर आणि कमानीतलं अंतर तेवढंच. जागा हवी तर टायर अरुंद घ्या, २.६ च्या जागी २.४. किंवा काळ्या रानात पाऊस पडल्यावर दोन दिवस सायकल नेऊच नये, हा माझा नियम. ती माती बेअरिंग आणि सील दोन्ही खाते. घरी येऊन प्रेशरच्या पाण्यानं धुतली की हेडसेटमध्ये (फोर्क वळतो त्या बेअरिंगमध्ये) शिरते ते वेगळंच.

मुरूमवाट (छत्रपती संभाजीनगर)

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पॅनर दादांनी सांगितल्याप्रमाणं मोजमाप केलं. पुढचा सॅग ४० मिमी निघाला, म्हणजे २७ टक्के. मागचा २२ टक्के. म्हणजे पुढं जास्त बसलेली आणि मागं ताठ.

पुढं हवा भरून सॅग ३० मिमीवर आणला, मागची काढून २८ टक्क्यांवर. फोन फोर्कच्या नळीला लावून कोन आधी आणि नंतर, दोन्ही वेळा सायकलवर उभं राहून दुसऱ्याकडून बघून घेतला. जवळपास पाऊण अंशाचा फरक आला.

गोदाकाठ (नांदेड)

हेच अपेक्षित होतं. पुढची बाजू ९ मिमी वर आली, मागची ८ मिमी खाली गेली. एकूण १७ मिमी, १२६० वर ०.८ अंश. म्हणजे १७० च्या फोर्कनं जेवढा कोन मिळणार होता, जवळपास तेवढा नुसत्या शॉक पंपानं मिळाला. फरक एवढाच की बॉटम ब्रॅकेट वर जाण्याऐवजी एक-दोन मिमी खाली आला, तेव्हा दगडांत पॅडल आडवं ठेवायची सवय ठेवा. मागचा शॉक तळाला आपटतोय का, तेही दोन-तीन राइडमध्ये बघा.

स्पॅनर (छत्रपती संभाजीनगर)

छान. आता बार. तुमचा क्लॅम्प, म्हणजे स्टेममध्ये बसणारा बारचा व्यास, ३१.८ मिमीचा आहे की ३५ चा ते आधी बघा, एकाचा बार दुसऱ्याच्या स्टेममध्ये बसत नाही. काम सुरू करायच्या आधी सिस्टीम बंद करून बॅटरी काढून ठेवा.

बार २० मिमी वर गेला की ब्रेकचे होज, ड्रॉपरची (सीट वरखाली करणाऱ्या दांड्याची) केबल आणि डिस्प्लेची वायर, तिन्ही ताणले जातात. बसवल्यावर बार दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. कुठंही ताण आला तर तसंच चालवू नका. डिस्प्लेच्या वायरचा कनेक्टर बऱ्याचदा फ्रेमच्या आत असतो, तो एकदा निसटला की अर्धी सायकल उघडावी लागते.

बार क्लॅम्पमध्ये किती फिरवून बसवायचा, ते नीट समजून घ्या. बारचा राइज सरळ वरच्या दिशेला ठेवा किंवा फोर्कच्या रेषेत. फार मागं पाडलात तर रीच कमी होतो आणि मनगटं वाकडी बसतात. बार बदलल्यावर ब्रेक लिव्हरचा कोन परत लावा. हात वर गेले म्हणजे जुना कोन आता खाली वळलेला वाटणार, तो थोडा आडवा घ्या. मनगटाचं निम्मं दुखणं मला तिथंच सापडतं.

स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचनं, स्टेमवर लिहिलेल्या आकड्यापर्यंतच. बहुतेकांवर ५ किंवा ६ न्यूटन मीटर असतं.

लातूरची_स्वार

वाचतेय सगळं. माझी गोष्ट उलटी आहे. माझी उंची ५ फूट २ इंच. स्मॉल फ्रेम घेतली, तरी २९ इंची चाकामुळं बार मला छातीला येतोय असं वाटतं. चढावर पुढचं चाक भरकटतं आणि वळणावर पुढं वजनच पडत नाही. इथं सगळे उंची वाढवायचं बोलताहेत, कमी करायची असेल तर?

स्पॅनर (छत्रपती संभाजीनगर)

ताई, तुमचा प्रश्न फार लोकांचा असतो, पण कुणी विचारत नाही. स्टेमखालचे सगळे स्पेसर काढून स्टेमच्या वर लावा. स्टीअरर कापू नका. कापलेला परत जोडता येत नाही, आणि सायकल विकताना उंच माणसाला ती चालणार नाही. स्पेसर वर गेले की बार खाली येतो आणि थोडा पुढंही जातो, म्हणजे पुढच्या चाकावर वजन पडायला दुहेरी मदत. मग बार सपाट किंवा १० राइजचा लावा. ७८०-८०० रुंदीचा असेल तर दोन्ही टोकांनी थोडा कापा, तुमच्या खांद्यांना ७४० पुष्कळ झाला.

वजन कमी असेल तर कंपनीच्या तक्त्यातला दाबही तुम्हाला जास्त होतो. हवा कमी करून सॅग २० टक्क्यांवर आणा, तिथंही पुढचं टोक खाली येईल. एवढ्यानं भागलं नाही तरच एअर शाफ्ट (फोर्कच्या आतला, ट्रॅव्हल ठरवणारा दांडा) बदलून ट्रॅव्हल १० मिमी कमी करायचा विचार करा.

लातूरची_स्वार

स्पेसर काढायचं मला घरी जमेल का? माझ्या सायकलच्या सगळ्या केबल हेडसेटमधूनच आत जातात.

स्पॅनर (छत्रपती संभाजीनगर)

मग त्याचे स्पेसर खास आकाराचे असतात, दोन भागांत उघडणारे. कंपनीचेच वापरा, बाजारातला गोल स्पेसर त्यात केबल चिरडतो. क्रम असा: वरच्या टोपीचा बोल्ट काढा, मग स्टेमच्या बाजूचे बोल्ट सैल करा. सायकल जमिनीवर उभीच असू द्या, नाहीतर फोर्क खाली सटकेल. परत बसवताना वरची टोपी फक्त हेडसेटमधला खेळ जाईपर्यंतच आवळायची, बार मोकळा फिरला पाहिजे. त्यानंतर स्टेम सरळ करून बाजूचे बोल्ट. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढंमागं हलवा. टकटक आली तर खेळ आहे, परत करा.

कार्बनचा स्टीअरर असेल तर स्टेमच्या खाली किती स्पेसर चालतात त्याची मर्यादा कंपनी देते, ती पाळा.

मुरूमवाट (छत्रपती संभाजीनगर)

४० राइजचा बार लावला. ब्रेकचा होज पुरला, ड्रॉपरची केबल मात्र नवीन टाकावी लागली. सीट ८ मिमी पुढं घेतली. लो-स्पीड कॉम्प्रेशन दोन क्लिक घट्ट.

काल सातारा डोंगरावर त्याच पायऱ्यांवरून उतरलो. अंग मागं ठेवायला आता जोर लावावा लागत नाही, पाय पॅडलवर दाबून उभं राहता येतं. तळहात सुन्न झाले नाहीत. चढावर पुढचं चाक आधीपेक्षा हलकं लागतं, काळीमाती भाऊंनी सांगितलं तसंच. मधला मोड ठेवला तर सांभाळता येतं. एका खूप उभ्या ठिकाणी उतरावं लागलं, तिथं आधी चढून जायचो.

१७० चा फोर्क सध्या घेत नाही.

बालाघाटी (बीड)

लई छान झालं भाऊ, मनगटं वाचली. तरी माझं मत कायम आहे. एकदा कपिलधारकडं या, माझ्या सायकलवर ते मोठे दगड उतरून बघा, मग ठरवा. १७० नको तर १६० तरी.

गोदाकाठ (नांदेड)

१६० ला माझाही विरोध नाही. बऱ्याच एअर फोर्कमध्ये आतला एअर शाफ्ट बदलून तोच फोर्क १६० चा होतो, पूर्ण नवीन फोर्क लागत नाही. तुमच्या मॉडेलला तो शाफ्ट मिळतो का ते बघा. १० मिमीला कोन ०.४ अंशानं बदलेल, बॉटम ब्रॅकेट ३ मिमी वर येईल, म्हणजे सॅग बदलल्यानं जे खाली गेलं ते भरून निघेल. खालच्या पायांतलं तेल आणि सील त्याच वेळी नवीन करा. मी माझा फोर्क या कामासाठी ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पुण्याला पाठवतो. घरी उघडणार असाल तर आधी हवा पूर्ण काढायची, ह्यात कुचराई नको. दाबाखालचा फोर्क उघडणं धोक्याचं आहे.

पैठणकर

मी मोटारसायकलीचं काम करतो, सायकलींत नवीन आहे. आमच्याकडं पुढचं टोक वरखाली करायचं तर ट्रिपल क्लॅम्प सैल करून फोर्कच्या नळ्या सरकवतात. इथं तसं का करत नाही? फुकटात काम होईल.

स्पॅनर (छत्रपती संभाजीनगर)

दोन क्राउनच्या (नळ्या वर जोडणारा तुकडा म्हणजे क्राउन) डाउनहिल फोर्कमध्ये ते होतं, पण तिथंही मर्यादेतच, आणि बहुतेक ई-एमटीबीवर तो फोर्क नसतो. साध्या ट्रेल फोर्कला एकच क्राउन असतो आणि नळ्या त्यात कारखान्यात दाबून घट्ट बसवलेल्या असतात. त्या सरकवायला जाऊ नका, क्राउन कायमचा निकामी होईल. इथं उंची बदलायची ती स्टेमच्या वरखाली किंवा फोर्कच्या आत.

मुरूमवाट (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाटी भाऊ, कपिलधारला येतो, पाऊस उघडू द्या. १६० च्या शाफ्टचा पार्ट नंबर माझ्या फोर्कच्या मागच्या सिरीयल नंबरवरून मिळेल का, कुणाला माहीत असेल तर सांगा.

स्पॅनर (छत्रपती संभाजीनगर)

मिळतो. सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की मॉडेल, वर्ष आणि मूळ ट्रॅव्हल कळतं, त्यावरून सुट्या भागांच्या यादीत शाफ्ट शोधायचा. शाफ्ट मागवताना चाकाचा आकार २९ च आहे ना, तेवढं तपासा. आणि त्याआधी फ्रेमच्या मॅन्युअलमध्ये १६० ला परवानगी आहे का, ते बघा.